ठाणे-बेलापूरहून अंदमानच्या खोल समुद्रात: पाच दिवसांच्या गरी-मासेमारीची तयारी

ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यातल्या बहुतेकांना गरीने मासे धरण्याचा नाद खाडीच्या काठावर लागतो. शिंगाळा, बोय, काळुंदर आणि एखाद्या भाग्याच्या दिवशी जिताडा एवढ्यावर काही वर्षे जातात, मग मुरूडला किंवा मालवणला बोटीने जाऊन सुरमईचा अनुभव घेतला जातो आणि कधीतरी अंदमानचे नाव कानावर येते. त्या टप्प्यावर पोहोचलेल्या वाचकासाठी हा लेख आहे. मी स्वतः बेलापूरहून तीन वेळा अंदमानला गेलो असून त्यांतली पहिली सहल अपुऱ्या तयारीमुळे बरीचशी वाया गेली. मासे होते, बोट चांगली होती, तांडेल जाणता होता. कमी पडलो ते आम्ही, आणि तेही घरी बसून सहज टाळता आल्या असत्या अशा गोष्टींत. म्हणूनच या लेखाचा मोठा भाग बोटीवर पाय ठेवण्यापूर्वीच्या तीन महिन्यांबद्दल आहे.

कुठे आणि केव्हा

आपल्या किनाऱ्याला लक्षद्वीप अधिक जवळचे आहे, पण तिथे जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो आणि वाट कोचीवरून जाते. अंदमानात श्रीविजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे भारतीयांना परवान्याशिवाय जाता येते, अनेक दिवस समुद्रावर राहण्याची सोय असलेल्या बोटी मिळतात आणि प्रवाळाच्या कड्यांपासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे किनाऱ्यापासून कितीतरी मैल बाहेर गेले तरी तळ उथळ आणि चिखलाचाच राहतो. अंदमानात बेटाच्या कडेला प्रवाह खालून वर ढकलला जातो, त्यासोबत लहान मासे येतात आणि त्यांच्या मागावर जायंट ट्रेवली, डॉगटूथ टुना, पिवळ्या परांचा कुपा (यलोफिन टुना), वाहू आणि सेलफिश येतात.

हंगाम निवडताना आपल्या कोळीवाड्याचे पंचांग बाजूला ठेवावे लागते. आपल्याकडे नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, तर अंदमानात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चक्रीवादळांची भीती असते आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंतचा काळ कामाचा आहे. त्यातही डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा काही दिवस त्रास देतो, म्हणून प्रथमच जाणाऱ्याने फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च घ्यावा असे माझे मत आहे. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून हा मासेमारी बंदीचा काळ असल्याने सहल त्याच्या आधी आटोपलेली बरी.

महिना ठरला की तिथी पाहावी. खाडीवर वाढलेल्याला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांतला फरक सांगण्याची गरज नाही. खडकाच्या वरच्या पाण्यात पॉपरने (पाण्याच्या पृष्ठभागावर खळबळ उडवणाऱ्या कृत्रिम आमिषाने) मासेमारी करायची तर वाहते पाणी हवे, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचे दिवस हवेत. खोल पाण्यात जिग (धातूचे जड आमिष) सोडायची तर अति वेगाचा प्रवाह नको, कारण जिग सरळ खाली न जाता तिरकी वाहत जाते. पाच दिवसांत दोन्ही प्रकार करायचे असल्यामुळे मी अष्टमी उलटून दोन दिवसांनी सुरुवात करतो आणि पौर्णिमेच्या आसपास संपवतो. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपला हिशोब मुंबई-ठाण्यापुरता आहे. तो तिथे चालत नाही. पोर्ट ब्लेअरचे भरती-ओहोटीचे कोष्टक वेगळे काढून घ्यावे. आपल्या खाडीत उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढते, तर तिथे ते साधारण दोन मीटरच चढते, तरीही बेटांमधल्या अरुंद वाटांत प्रवाहाला चांगलाच जोर असतो.

बोट ठरवणे

बोटीचे आणि रिळाचे पैसे यांत निवड करायची वेळ आली तर पैसे बोटीवर घालावेत. मध्यम प्रतीच्या रिळाने चांगल्या बोटीवरून मासा मिळतो. उलट होत नाही. चौघांचा गट सर्वांत सोयीचा, कारण पॉपर फेकताना बोटीच्या पुढच्या भागात एका वेळी दोघेच सुरक्षितपणे उभे राहू शकतात आणि उरलेले दोघे त्या वेळात विश्रांती घेतात किंवा गाठी बांधतात. सहा जण झाले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेळ इतका कमी होतो की खर्च वाचल्याचे समाधान उरत नाही.

आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बोटवाल्याला काही प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखी घ्यावीत. बोटीची नोंदणी आणि छंद म्हणून केल्या जाणाऱ्या मासेमारीची परवानगी कोणाच्या नावावर आहे? रोज किती इंधन धरले आहे आणि त्यापुढे लागले तर खर्च कोणाचा? इंजिन एक की दोन? बर्फ किती दिवस पुरतो? वारा वाढून बोट बंदरातच थांबली तर त्या दिवसाच्या पैशांचे काय? जीवरक्षक जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे आहे का, व्हीएचएफ रेडिओ चालू आहे का, संकटाच्या वेळी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र बोटीवर आहे का, अग्निशामक नळकांडे कधी तपासले? या प्रश्नांना त्रासून उत्तर देणाऱ्या माणसाच्या बोटीवर पाच दिवस काढू नयेत. चांगले बोटवाले अशा गिऱ्हाइकाला उलट मान देतात, कारण समुद्रावर जबाबदारी कळणारा माणूस त्यांनाही हवा असतो.

बॅरन बेटाचा मोह सर्वांनाच असतो. दक्षिण आशियातला जागता ज्वालामुखी म्हणून ते प्रसिद्ध आहे आणि त्याच्या काळ्या कड्यांभोवतीचे पाणी किनाऱ्यालगतच अथांग आहे. परंतु ते श्रीविजयपुरमपासून सुमारे १३५ ते १४० किलोमीटर, म्हणजे जवळपास ७५ सागरी मैलांवर आहे. दहा नॉट वेगाने जाणाऱ्या बोटीला एका बाजूला साडेसात तास लागतात. (विजयदुर्गापासून आंग्रिया बँक हे समुद्राखालचे प्रवाळाचे पठार सुमारे १०५ किलोमीटरवर आहे, यावरून अंतराचा अंदाज यावा.) पाच दिवसांच्या सहलीत बॅरन घ्यायचे असेल तर रात्री बोटीवरच मुक्काम असलेली सहल हवी आणि दोन सलग दिवस हवामान शांत असल्याची खात्री हवी. पहिल्या खेपेला मी बॅरन घेऊ नये असे सांगेन; जवळच्या बेटांभोवती चार दिवस मन लावून मासेमारी केल्यास अधिक शिकायला मिळते.

काठ्या, रिळे आणि दोर

दोन संच पुरेसे आहेत, पण प्रत्येक संचाला राखीव जोडीदार हवा. पहिला संच पॉपरसाठी: साडेसात ते आठ फुटांची, पीई ८ (पीई म्हणजे वेणीच्या दोराच्या जाडीचे माप) दोराला झेपेल अशी जाड काठी, १४००० ते १८००० आकाराचे स्पिनिंग रीळ आणि त्यावर निदान ३०० मीटर पीई ८ वेणीचा दोर. दुसरा संच जिगसाठी: पाच ते साडेसहा फुटांची आखूड काठी, ८००० ते १०००० आकाराचे रीळ आणि पीई ४ किंवा ५ चा दोर, तोही दर दहा मीटरला रंग बदलणारा. हा रंगीत दोर घेण्याचे कारण साधे आहे: तांडेल यंत्रावर पाहून ‘पन्नास मीटरवर मासा आहे’ असे सांगतो, तेव्हा रंग मोजून जिग बरोबर त्या थरात थांबवता येते. खाडीतल्या मासेमारीत याची गरज पडत नाही, म्हणून आपण साध्या रंगाचा दोर नेतो आणि तिथे अंदाजाने हात मारत बसतो.

पीई ८ दोराची ताकद साधारण ३६ ते ४५ किलो असते. रिळाचा ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोर किती जोराला सुटावा हे ठरवणारा ब्रेक) या ताकदीच्या चौथ्या हिश्शापासून सुरू करावा आणि सवय झाल्यावर तिसऱ्या हिश्शापर्यंत न्यावा. ड्रॅग बोटांनी ओढून ठरवू नये. घरात प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा असतो, त्याला दोराचे टोक अडकवून, काठी ४५ अंशांत धरून दुसऱ्या माणसाला काटा ओढायला सांगावे आणि रीळ सुटू लागते तेव्हाचा आकडा वाचावा. पहिल्यांदा हे करून पाहिले तेव्हा मी ज्याला दहा किलो समजत होतो तो प्रत्यक्षात पाच किलोंचाच ड्रॅग निघाला. दहा किलोंचा खरा ओढा कमरेला आणि पायांना काय वाटतो, हे मासा लागण्याआधी कळलेले चांगले.

लीडरसाठी, म्हणजे आमिषाजवळच्या जाड दोरासाठी, पॉपरच्या संचाला १७० ते २०० पौंडांचा नायलॉनचा एकतारी दोर आणि जिगच्या संचाला ८० ते १०० पौंडांचा फ्लुओरोकार्बन घ्यावा. वाहूचे दात कात्रीसारखे असल्याने ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढताना, तारेचा तुकडा लागतो, तो बहुधा बोटीवर असतो. तरी विचारून घ्यावे. पॉपर आणि स्टिकबेट (लांबट कृत्रिम आमिष) मिळून आठ-दहा नग पुरतात, जिग मात्र १५० ते ३०० ग्रॅम वजनाच्या पंधरा तरी न्याव्यात, कारण खडकात अडकून आणि शार्कच्या तोंडी जाऊन त्या झपाट्याने संपतात. मध्यम प्रवाहात ८० मीटर खोलीला २०० ग्रॅमची जिग हा माझा सुरुवातीचा हिशोब असतो. तळाला टेकल्याचे हाताला कळले नाही तर वजन वाढवतो. पॉपरवरचे तीन तोंडांचे गळ काढून एकेरी, काटा दाबून टाकलेले गळ बसवावेत. माशाला इजा कमी होते, आणि हलणाऱ्या बोटीवर तो गळ आपल्याच हातात रुतला तर बाहेर काढणेही सोपे जाते.

गाठ

पाच दिवसांच्या यशापयशाचा निम्मा वाटा एका गाठीवर असतो, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. वेणीचा दोर आणि लीडर जोडण्यासाठी एफजी गाठ वापरतात. तिच्यात लीडर सरळच राहतो आणि वेणीचा दोर त्याच्याभोवती आलटून पालटून, एकदा वरून आणि एकदा खालून, असा २० ते २२ वेळा गुंडाळला जातो. लीडर दुमडलेला नसल्याने गाठ सडपातळ राहते आणि फेकताना काठीच्या कड्यांतून अडथळ्याशिवाय निघून जाते. तिचे बळ घर्षणात आहे: ओढ बसली की वेणी लीडरच्या अंगात रुतते. याचाच अर्थ असा की गाठ बांधल्यावर पूर्ण जोराने आवळली नाही, तर ती दिसायला सुबक असूनही ओढ बसताच सरकते.

गाठ बांधताना वेणीचा दोर ताणलेला हवा. घरी त्याचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधावे, दुसरे कमरेला गुंडाळून मागे झुकावे आणि दोन्ही हात लीडरसाठी मोकळे ठेवावेत. गुंडाळे पूर्ण झाले की ते ओले करून, हातमोजे घालून, दोन्ही दोर विरुद्ध दिशांना सावकाश पण सर्व ताकदीने ओढावेत. नीट आवळलेल्या गाठीत वेणीचा रंग गडद होतो आणि गुंडाळे बोटाने सरकत नाहीत. मग अर्धगाठींनी ती बंद करावी, लीडरचे टोक कापावे आणि त्यावरून पुन्हा काही अर्धगाठी माराव्यात. शेवटी काठीला न लावता, दोर एखाद्या लाकडी दांडक्याला गुंडाळून तोलकाट्याने निदान पंधरा किलोंची ओढ द्यावी.

पहिल्या सहलीत तिसऱ्या दिवशी पहाटे, झोपेत आणि हेलकावत्या बोटीवर, मी घाईने बांधलेल्या गाठीवर पॉपर फेकला. चौथ्याच फेकीला पाणी उसळले, रीळ पंधरा-वीस सेकंद किंचाळले आणि मग सारे सैल पडले. दोर गुंडाळून आणला तेव्हा वेणीचे टोक पिळासारखे वळलेले होते. तांडेलाने ते बोटावर घेऊन दाखवले. टोक खरवडलेले असेल तर खडकाने कापले, आणि असे वळलेले असेल तर गाठ सरकली. त्या माशाच्या तोंडात माझा पॉपर आणि दोन मीटर लीडर राहिला, ही गोष्ट मला मासा गेल्यापेक्षा अधिक लागली. तेव्हापासून मी निघण्याआधी रोज रात्री जेवणानंतर दोन गाठी, असे सहा आठवडे बांधतो, आणि शेवटच्या आठवड्यात त्यातली एक दिवा मालवून बांधतो.

ठाण्यातला सराव

दीडशे ग्रॅमचा पॉपर दिवसभर फेकणे हे अंगमेहनतीचे काम आहे. खांदे, कंबर आणि मांड्या यांना दोन महिने आधीपासून व्यायाम द्यावा. येऊरचा चढ किंवा खारघरची टेकडी आठवड्यातून तीनदा चढली तरी पायांना स्थैर्य येते. फेकण्याचा सराव मोकळ्या मैदानावर सकाळी लवकर, पॉपरचे सर्व गळ काढून आणि आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करूनच करावा. मासुंदा किंवा उपवन तलावाच्या काठी हा सराव करू नये, तिथे सदैव माणसे असतात. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचे अभयारण्य आहे, तिथेही नको.

शक्य असल्यास अंदमानपूर्वी मुरूड किंवा मालवणहून एक पूर्ण दिवसाची बोट करावी. मासा मिळो न मिळो, आपल्याला बोट लागते का, कोणते औषध मानवते, बूट घसरतात का, गटातला कोण दुपारनंतर चिडचिडा होतो, हे सारे त्या एका दिवसात कळते.

आणखी एक सराव घड्याळाचा. अंदमान आपल्या सुमारे वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे तिथे सूर्य ठाण्यापेक्षा सव्वा ते दीड तास आधी उगवतो आणि मावळतो. मार्चमध्ये साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सर्वांत चांगली मासेमारी त्याच वेळेची असते. निघण्यापूर्वी आठवडाभर साडेनऊला झोपून चारला उठण्याची सवय लावावी.

सामान बांधणे आणि विमान

काठ्यांसाठी विकतच्या महाग पेटीची गरज नाही. प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा चार इंची पीव्हीसी पाइप काठीच्या सर्वांत लांब तुकड्यापेक्षा अर्धा फूट जास्त कापून घ्यावा, दोन्ही टोकांना झाकणे बसवावीत, आत फोम भरावा आणि मध्यभागी पट्ट्याची मूठ करावी. त्यात चौघांच्या काठ्या मावतात. निघण्यापूर्वी विमान कंपनीला लांबी कळवून लेखी मान्यता घ्यावी. देशांतर्गत प्रवासात सहसा १५ किलो सामान धरलेले असते आणि जिगचे शिसे त्यातले बरेच वजन खाते, म्हणून जादा वजन आधीच विकत घ्यावे. गळ, पक्कड, सुरी हे सर्व मोठ्या बॅगेत. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच. रिळेही मी हातात ठेवतो, पण दोर भरलेले रीळ सुरक्षा तपासणीत अडल्यास हुज्जत न घालता मोठ्या बॅगेत टाकता यावे एवढा वेळ हाताशी ठेवून विमानतळावर पोहोचतो. आता मुंबई आणि नवी मुंबई असे दोन विमानतळ असल्यामुळे तिकीट अंधेरीकडचे आहे की उलव्याकडचे, हे घरातून निघण्यापूर्वी पुन्हा पाहावे.

उपग्रह फोन किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे खासगी यंत्र परदेशस्थ नातेवाइकाने भेट दिलेले असले तरी नेऊ नये. परवान्याशिवाय ते जवळ बाळगणे भारतात गुन्हा आहे. ड्रोनचेही तसेच; परवानगी हातात नसेल तर तो घरीच ठेवावा.

येण्या-जाण्यात एकेक दिवस मोकळा ठेवावा. ज्या दिवशी बोट बंदराला लागायची त्याच दिवशीचे परतीचे विमान घेऊ नये, कारण वारा आपले तिकीट पाहून वाहत नाही. मोकळा दिवस रिकामा जात नाही: सेल्युलर जेल पाहण्यास अर्धा दिवस लागतो आणि १९११ ते १९२१ या काळात सावरकर जिथे बंदिवान होते ती कोठडी पाहिल्याशिवाय मराठी माणसाने परत येऊ नये असे मला मनापासून वाटते.

बोट लागणे, ऊन आणि जखमा

बोट लागणे हा दुबळेपणा समजला जातो आणि त्यामुळे लोक औषध घेत नाहीत. हा समज सोडावा. घरच्या डॉक्टरांना विचारून गोळी ठरवावी, ती एकदा घरीच घेऊन किती झोप येते ते पाहावे आणि बोटीवर चढण्याच्या आदल्या रात्रीपासून सुरू करावी. मळमळू लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. सकाळी उपाशी राहू नये; कोरडी पोळी, चणे, खजूर असे थोडे थोडे खावे, आलेपाक खिशात ठेवावा, डिझेलच्या धुराच्या बाजूला बसू नये आणि त्रास होऊ लागला की खाली केबिनमध्ये न जाता क्षितिजाकडे पाहत उघड्यावर बसावे.

पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा, मान व तोंड झाकणारा फडका, बोटांचे हातमोजे आणि पोलरॉइड चष्मा यांवाचून पाण्याकडे पाहत दिवस काढता येत नाही. दिवसाला चार लिटर पाणी आणि दुपारी एकदा ओआरएस हा नियम गटातल्या प्रत्येकाला बंधनकारक करावा. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली ते आधी पाहावे. शिंगाळ्याचा काटा लागला की काय होते, हे खाडीवरच्या माणसाला माहीत असते. प्रवाळातल्या लायनफिश आणि स्टोनफिश यांच्या काट्यांचे विष त्याहून जहाल असते. जखम त्वचेला सोसेल इतक्या गरम, म्हणजे ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात तीस ते नव्वद मिनिटे बुडवून ठेवल्यास वेदना कमी होते; पाण्याचे तापमान दुसऱ्या माणसाने हाताने पाहावे, कारण जखमीला ते कळत नाही. त्यानंतर डॉक्टरकडे न्यावेच लागते, म्हणून असे काही घडले की मासेमारी थांबवून बोट वळवावी. गळ डोळ्याजवळ किंवा सांध्यात रुतला असेल तर तो बोटीवर काढण्याचा प्रयत्न करू नये.

समुद्रावरचा दिवस

पहिल्या दिवशी काठ्या जोडण्यापूर्वी तांडेलाकडून जॅकेट, अग्निशामक आणि रेडिओ कुठे आहे ते पाहून घ्यावे. रेडिओचा १६ क्रमांकाचा चॅनल संकटासाठी असतो आणि तटरक्षक दलाचा दूरध्वनी क्रमांक १५५४ आहे, हे गटातल्या प्रत्येकाला पाठ असावे. कोणी पाण्यात पडले तर एकाने नजर न हटवता त्याच्याकडे बोट दाखवत उभे राहायचे, एवढे एकच काम त्याचे. वीज चमकू लागली की काठ्या ताबडतोब आडव्या ठेवाव्यात, कार्बनची काठी विजेला वाट देते. हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज आदल्या रात्री नेटवर्क असतानाच उतरवून घ्यावा. वारा १५ नॉटच्या पुढे असेल आणि तांडेल नको म्हणत असेल तर त्याच्याशी वाद घालू नये.

उजाडता पॉपर, ऊन चढल्यावर जिग, बेटांमधून जाताना ट्रोलिंग आणि दुपार कलल्यावर पुन्हा पॉपर, असा माझा क्रम असतो. पॉपर खडकाच्या त्या बाजूला फेकावा जिथे प्रवाह येऊन आदळतो. मोठा मासा तिथे तोंड करून थांबलेला असतो, आडोशाच्या बाजूला नाही. काठी हाताच्या जोराने न खेचता कमरेपासून वळून खेचावी, पाण्याचा एक मोठा गोळा उडाला की दोन सेकंद थांबावे आणि दोराचा सैलपणा गुंडाळून पुन्हा खेचावे. दोनदा झेपावूनही मासा चुकला तर पॉपर थांबवू नये आणि वेगही बदलू नये.

मासा लागल्यावरचे पहिले वीस सेकंद निर्णायक असतात. जायंट ट्रेवली सरळ खडकाकडे धाव घेते. त्या क्षणी काठी उभी न करता कमी कोनात धरावी, गुडघे वाकवावेत, काठीचा बुंधा पोटावरच्या पट्ट्यात बसवावा आणि मिळेल तेवढा दोर आखूड हिसक्यांनी गुंडाळावा. तांडेल त्याच वेळी बोट खोल पाण्याकडे नेतो, म्हणून त्याच्या आणि आपल्या हाकांचे शब्द आधी ठरलेले असावेत. ड्रॅग लढाईच्या मध्ये वाढवण्याचा मोह टाळावा. डॉगटूथ टुना मात्र खाली पळतो आणि पहिल्या धावेत शंभर मीटर दोर नेतो. तिथे घाई न करता धाव संपू द्यावी आणि मग थांबू नये, कारण रेंगाळलेला मासा शार्कला मिळतो. एका जागी दोन मासे शार्कने नेले की ती जागा सोडावी. तिसरा मासाही शार्कला दिल्यासारखाच असतो.

सोडायचा आणि ठेवायचा

जायंट ट्रेवली सोडायचीच, हे गटाने निघण्यापूर्वी ठरवावे. हात ओले करून एका हाताने शेपटीचे मूळ आणि दुसऱ्याने पोट धरावे, जबड्याला लटकवू नये, ओल्या गादीवर ठेवून गळ काढावा, अर्ध्या मिनिटात छायाचित्र घ्यावे आणि डोके खाली करून पाण्यात सोडावे, म्हणजे कल्ल्यांतून एकदम पाणी जाते. मोठे हेकरूही (ग्रुपर) ठेवू नयेत. त्यांच्या बहुतेक जाती आधी मादी असतात आणि वाढल्यावर नर होतात, त्यामुळे मोठाले उचलले की त्या खडकावरचे नरच संपतात. शिवाय प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेरा नावाचे विष साठलेले असू शकते, ते शिजवूनही जात नाही.

जेवणापुरता एखादा कुपा, वाहू किंवा डोराडो ठेवावा. कुपा पकडताक्षणी कल्ल्याजवळ छेद देऊन रक्त काढावे, आतडी काढावीत आणि बर्फ व समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात बुडवावा. उन्हात तासभर राहिलेल्या कुप्यात हिस्टामिन तयार होते आणि अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, उलट्या असा त्रास होतो. डिसेंबरात जाणार असाल आणि गटात कोणी मार्गशीर्षातले गुरुवार पाळत असेल तर बोटीवरच्या स्वयंपाक्याला आधी सांगावे. पाच दिवसांचा शिधा मोजूनच भरलेला असतो.

कोणती जागा वर्ज्य आहे, हे तांडेलाला माहीत असते, पण आपल्यालाही माहीत हवे. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आणि रिची द्वीपसमूहातले राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान यांत मासेमारी चालत नाही. उत्तर सेंटिनल बेट आणि भोवतालचा पाच सागरी मैलांचा पट्टा, तसेच १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमाखालील राखीव किनारे यांच्या जवळपासही जाऊ नये, तांडेल तयार असला तरी. प्रवाळाचा तुकडा, समुद्री काकडी, संरक्षित शंख यांपैकी काहीही पिशवीत घालू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

रोज संध्याकाळी

बोटीवर गोडे पाणी मोजके असते. रिळाचा ड्रॅग घट्ट करून त्यावर फवारणीच्या बाटलीने हलके पाणी मारावे, ओल्या फडक्याने काठीच्या कड्या पुसाव्यात आणि मग ड्रॅग सैल करावा. नळाची जोरदार धार रिळात मीठ आत ढकलते. त्यानंतर लीडरवर बोट फिरवून खरखर लागली तर तेवढा भाग कापून नवी गाठ बांधावी. हे काम जेवणापूर्वीच करावे. जेवल्यानंतर कोणी करत नाही आणि सकाळी सव्वापाचला वेळ नसतो.

घरी परतल्यावर पॉपर आणि जिग बादलीभर गोड्या पाण्यात रात्रभर ठेवून पंख्याखाली वाळवावेत, उन्हात नाही. रिळावरचा पहिला शंभर मीटर दोर उलगडून धुवावा आणि पुन्हा गुंडाळण्यापूर्वी दोन दिवस सुकू द्यावा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत ओला दोर गुंडाळला की खालचे रीळ गंजते. गंजलेले गळ आणि कड्या त्याच आठवड्यात बदलून टाकाव्यात, आणि कोणत्या जागी, कोणत्या तिथीला, पाणी चढते की उतरते असताना, किती खोलीवर मासा लागला, याची नोंद वहीत करून ठेवावी. माझ्या दुसऱ्या सहलीतला सर्वांत मोठा डॉगटूथ पहिल्या सहलीच्या वहीतल्या एका ओळीमुळे मिळाला: ‘दशमी, ओहोटीचा शेवटचा तास, ७० मीटर.’